डेटा कुठे गेला, हे आधी घरच्या संगणकाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो’, ‘महिना सरायच्या आत फायबरचा वेग बसतो’, ‘कंपनीच डेटा खाते’ अशा तक्रारी वाचकांच्या पत्रांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सारख्या दिसतात. त्यांतल्या काही खऱ्याही असतील. पण तक्रार करणाऱ्याजवळ स्वतःचे रीडिंग जवळपास कधीच नसते. विजेचे बिल फुगले की आपण जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र कंपनीच्या ॲपवर दिसेल तोच आकडा, अशी समजूत आहे. घरच्या प्रत्येक संगणकात मोजणी आपोआप चालू असते, तिला पैसे पडत नाहीत आणि ती वाचायला पाच मिनिटे पुरतात. फक्त ती काय मोजते आणि काय मोजत नाही हे माहीत नसेल, तर तो आकडा घेऊन भांडायला गेलेला माणूस तोंडघशी पडतो. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

सुरुवात एककांपासून करावी लागते, कारण निम्मी भांडणे तिथेच मिटतात. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि वापर बाइटमध्ये. एका बाइटात ८ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी उतरतात. यातून एक सोपा गुणक मिळतो: एमबीपीएसच्या आकड्याला ०.४५ ने गुणले की तासाला किती जीबी ते कळते. ४ एमबीपीएसने चालणारा व्हिडिओ तासाला १.८ जीबी घेतो, म्हणजे दीड जीबीचा दिवसाचा कोटा तो ५० मिनिटांत संपवतो. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे याच्याशी जुळतात: सगळ्यांत खालच्या दर्जाला तासाला ०.३ जीबीच्या आसपास, एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-के ला ७ जीबीपर्यंत. एकाच चित्रपटासाठी वीसपट फरक पडू शकतो, आणि ‘ऑटो’ या पर्यायावर ठेवले की तो फरक कोणाला न विचारता पडतो.

दुसरा घोळ ‘गिगा’चा. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरी त्याला जीबीच म्हणते. तिचा १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. मॅक २००९ पासून हजाराच्या पटीत मोजतो. दोन्हींत ७.४ टक्क्यांचा फरक आहे. अनेक फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. कंपनी हजाराने मोजत असेल, तर विंडोजच्या पडद्यावर ३,०७३ दिसताच ती मर्यादा संपलेली असेल आणि ग्राहक म्हणेल की अजून सव्वादोनशे जीबी शिल्लक होते. कंपनी कोणत्या पटीत मोजते हे योजनेच्या अटींत शोधावे. सापडले नाही तर लेखी विचारावे. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बाकी सगळी तुलना त्यावर उभी आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्यात ‘डेटा युसेज’. विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली (नंतरच्या आवृत्त्यांत त्यातल्या ‘स्टेटस’च्या पानावर) ‘डेटा युसेज’ सापडते. इथे मागच्या ३० दिवसांत कोणत्या जोडणीवरून किती डेटा गेला आणि कोणत्या प्रोग्रॅमने किती घेतला, ते दिसते. वाय-फायचे प्रत्येक जाळे वेगळे निवडता येते, म्हणजे घरचा राउटर वेगळा आणि फोनचे हॉटस्पॉट वेगळे. लक्षात ठेवायचे ते हे की ‘मागचे ३० दिवस’ ही सरकती खिडकी आहे. तुमचे बिल ७ तारखेला सुरू होत असेल, तर या आकड्याचा बिलाशी काही संबंध नाही. उपाय दोन. बिलाचे चक्र सुरू होते त्या दिवशी ‘रीसेट’चे बटण दाबून मोजणी शून्यावर आणायची, किंवा तिथेच ‘एंटर लिमिट’मध्ये ‘मंथली’ निवडून बिलाची तारीख आणि मर्यादा भरायची. ही मर्यादा ओलांडली तरी विंडोज जोडणी तोडत नाही, फक्त इशारा देते. अनेकांना ती कुलूप वाटते. ती घंटा आहे.

टास्क मॅनेजरमधले ‘ॲप हिस्टरी’ हे पान लोक उघडतात आणि फसतात. मूळ रचनेत तिथे फक्त स्टोअरमधून आलेले ॲप दिसतात, त्यामुळे क्रोम किंवा टॉरेंटचा (एकमेकांच्या संगणकांवरून फायली उतरवणारा प्रोग्रॅम) पत्ताच नसतो. ‘शो हिस्टरी फॉर ऑल प्रोसेसेस’ हा पर्याय चालू करावा लागतो. विंडोज १० मध्ये तो ‘ऑप्शन्स’ या मेनूत आहे, ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये. शिवाय पानाच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही मोजणी अमुक तारखेपासूनची आणि चालू खात्यापुरती आहे. मुलांचे खाते वेगळे असेल, तर त्यांचे गेम तुमच्या यादीत येणार नाहीत.

आत्ता, या क्षणी डेटा कोण ओढतो आहे हे पाहायचे असेल, तर स्टार्टमध्ये ‘रेसमॉन’ टाइप करून रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि ‘नेटवर्क’ या टॅबवर जावे. तिथे प्रत्येक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सेकंदाला किती बाइट पाठवते व घेते आणि पलीकडचा पत्ता कोणता, हे दिसते. यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ वर दिसला की लोक व्हायरस समजून घाबरतात. तो विंडोजच्या अनेक सेवांचा सामाईक मुखवटा आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे अद्यतने उतरवणारी सेवा असते. ‘सिस्टिम’ नावाची ओळ फुगलेली दिसली, तर घरातल्याच दुसऱ्या संगणकावर किंवा डिस्कवर फायली जात आहेत का, ते आधी पाहावे. ब्राउझरची मात्र एकच ओळ दिसते, मग पंचवीस टॅबपैकी कोणता टॅब खातो आहे हे कसे कळायचे? क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात टॅबनिहाय नेटवर्कचा रकाना असतो. बातम्यांच्या पानावर आपोआप चालणारे व्हिडिओ तिथे पकडले जातात. (वृत्तपत्रांची संकेतस्थळेही त्यात येतात, याची आपल्या तंत्रविभागाने नोंद घ्यावी.)

कमांडच्या काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट -ई’ लिहिले की आलेल्या व गेलेल्या बाइटांची एकूण संख्या येते. जुन्या पुस्तकांत हीच आज्ञा सांगतात, पण तिच्यावर विसंबू नये. तिचा गणक ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले, म्हणजे ४.२९ जीबी, की तो जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पूर्ण वेगाने चालणाऱ्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर हे पावणेसहा मिनिटांतच घडते. त्यापेक्षा पॉवरशेलमधली (विंडोजचीच आज्ञा लिहायची दुसरी खिडकी) ‘गेट-नेटॲडॅप्टरस्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा बरी. तिचे आकडे ६४ बिटांचे असतात. तेही संगणक पुन्हा सुरू केला की शून्यावर जातात, म्हणून एका बैठकीपुरतेच वापरावेत.

लिनक्सवाल्यांचे काम सगळ्यांत सोपे आहे. ‘व्हीएनस्टॅट’ हा छोटा प्रोग्रॅम बसवला (उबंटूत ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएनस्टॅट’) की तो पाठीमागे चालत राहतो आणि संगणक बंद-चालू झाला तरी जुनी मोजणी विसरत नाही. तो पॅकेट (डेटाची छोटी पाकिटे) उघडून पाहत नाही, कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) तयार गणक वाचतो, त्यामुळे यंत्रावर भार जवळपास पडत नाही. ‘-डी’ लावले की दिवसांचा तक्ता, ‘-एम’ लावले की महिन्यांचा, ‘-एल’ लावले की चालू वेग. त्याच्या मांडणीच्या (कॉन्फिग) फायलीत ‘मंथरोटेट’ नावाची ओळ आहे. तिथे बिलाची तारीख घातली की त्याचा महिना तुमच्या बिलाच्या महिन्याशी जुळतो. ही सोय विंडोजच्या पैसे देऊन घेतलेल्या कित्येक प्रोग्रॅमांतही धड नसते. कोणता प्रोग्रॅम खातो हे मात्र व्हीएनस्टॅट सांगत नाही, त्यासाठी ‘नेटहॉग्ज’ चालवावा लागतो. मॅकवर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधल्या नेटवर्क टॅबवर प्रोसेसनिहाय आकडे आहेत, पण महिन्याचा हिशेब मॅक स्वतः ठेवत नाही.

बाहेरचा प्रोग्रॅम घ्यायचाच असेल, तर विंडोजसाठी ग्लासवायर आणि नेटवर्क्स ही परिचित नावे आहेत. ते त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावेत. ‘डेटा वाचवा, वेग वाढवा’ असे सांगणारे फुकटे बहुधा उलटेच करतात.

यापुढचा भाग हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांसाठी. ही संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्यांचेच होते. फोनमधला दिवसाचा दीड किंवा दोन जीबी फोनला पुरतो. संगणक जोडला की तो पुरत नाही, कारण संगणकाची समजूत असते की आपण अमर्याद जोडणीवर आहोत. विंडोजची दर महिन्याची अद्यतने काही शे एमबींची असतात, वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती काही जीबींची. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाउडवरचा साठा, डेस्कटॉपवरचे फोटो वर चढवत बसते. हे थांबवायला ‘मीटर्ड कनेक्शन’ (जोडणीवर डेटा मोजका आहे, असे विंडोजला सांगणारा) हा एक खटका आहे. वाय-फायच्या त्या जाळ्याच्या गुणधर्मांत जाऊन तो चालू करायचा. मग विंडोज बहुतेक अद्यतने आपण होऊन उतरवत नाही (फार तातडीची असली तर अपवाद), स्टोअरमधले ॲप आपोआप बदलत नाहीत आणि वनड्राइव्ह थांबते. ब्राउझर, गेम आणि इतर कंपन्यांचे प्रोग्रॅम या खुणेकडे बघतीलच असे नाही.

इथे एक खाच आहे, आणि ती माहीत नसल्याने पुष्कळ डेटा जातो. हॉटस्पॉटऐवजी फोन यूएसबीच्या वायरीने जोडला, की विंडोजला तो फोन म्हणून दिसत नाही, ‘इथरनेट’ म्हणून दिसतो. वाय-फायवर लावलेली मीटर्डची खूण इथे लागू होत नाही. ‘इथरनेट’च्या पानावर जाऊन ती पुन्हा लावावी लागते. शिवाय काही फोन दर वेळी नवा पत्ता घेऊन येतात, मग विंडोज त्याला ‘नेटवर्क ३’, ‘नेटवर्क ४’ अशी नवी नावे देते आणि खूण नव्या नावाला नसते. वायर जोडल्यावर पहिल्या मिनिटात एकदा ते पान उघडून पाहण्याची सवय लावावी.

पडताळा फोनवर घ्यावा. अँड्रॉइडमध्ये डेटा वापराच्या यादीत ‘हॉटस्पॉट व टेदरिंग’ ही वेगळी ओळ असते. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर ‘पर्सनल हॉटस्पॉट’चा आकडा असतो, पण तो महिन्याला आपोआप शून्यावर येत नाही. हाताने ‘रीसेट स्टॅटिस्टिक्स’ केले नसेल तर तो फोन घेतल्यापासूनचा असू शकतो. हा आकडा आणि संगणकाचा आकडा, एकक सारखे करून, पाच टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे.

कोटा संपल्यावर बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला जेमतेम २९ एमबी. त्या वेगाला आजचे एखादे बँकेचे पानही धड उघडत नाही, हे ‘अमर्याद’ म्हणून विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे अद्यतने कायमची बंद ठेवण्यापेक्षा (ते धोक्याचेही आहे) रात्री अकराच्या सुमारास दिवसाचा उरलेला डेटा पाहावा, मीटर्डची खूण काढावी आणि अद्यतनांना तो डेटा द्यावा. बाराच्या आधी खूण परत लावायला विसरू नये. नवा कोटा बाराला सुरू होतो आणि अर्धवट राहिलेली अद्यतने सकाळपर्यंत तो संपवून ठेवतात.

फायबरवाल्यांचे प्रश्न वेगळे. ३,३०० जीबी ३० दिवसांत म्हणजे दिवसाला ११० जीबी. सरासरी काढली तर चोवीस तास अखंड १०.२ एमबीपीएस. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने सतत चालवली तर ही मर्यादा ७३ तासांत संपते, पण घरगुती वापराला तिथे पोहोचणे सोपे नाही. तरीही कोणी पोहोचत असेल तर तीन ठिकाणे तपासावीत. टॉरेंट, ज्यात उतरवलेली फाइल नंतर दिवसेंदिवस इतरांना वर जात राहते. घरावर लावलेला कॅमेरा, जो चित्रण सतत क्लाउडवर पाठवतो. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा महिन्याला ६४८ जीबी. आणि राउटरचा पासवर्ड, जो अख्ख्या मजल्याला माहीत असतो. पहिल्या दोन्हींत भार अपलोडचा आहे, आणि बहुतेक योजना दोन्ही बाजूंची बेरीज धरतात, याकडे लक्ष जात नाही.

विंडोज स्वतःही अपलोड करते. ‘विंडोज अपडेट’च्या प्रगत पर्यायांत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाचे पान आहे. तुमच्या संगणकाने उतरवलेल्या अद्यतनांचे तुकडे दुसऱ्या संगणकांना देण्याची ही सोय आहे. ‘इंटरनेटवरचे संगणक’ हा पर्याय तिथे निवडलेला असेल, तर तुमचा डेटा अनोळखी लोकांच्या अद्यतनांना जातो. तो काढून ‘फक्त स्थानिक जाळे’ ठेवावे. त्याच पानावरचा ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ या महिन्यात किती वर गेले ते सांगतो. आणखी एक: नव्या लॅपटॉपांचे झाकण मिटले तरी झोप पूर्ण नसते. कमांडमध्ये ‘पॉवरसीएफजी /ए’ लिहिल्यावर ‘एस-झिरो लो पॉवर आयडल’च्या पुढे ‘नेटवर्क कनेक्टेड’ असे आले, तर तो मिटलेल्या अवस्थेतही जाळ्याशी जोडलेला राहू शकतो. हॉटस्पॉट रात्रभर चालू ठेवणाऱ्यांनी हे एकदा पाहून घ्यावे.

मात्र एका संगणकाचा आकडा म्हणजे घराचा आकडा नव्हे. टीव्ही, तीन-चार फोन, कॅमेरा हे सगळे त्याच्या नजरेबाहेर असतात. घराचा खरा मीटर राउटर, आणि त्यातही त्याची बाहेरची, म्हणजे वॅनची बाजू. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ लिहून राउटरचे पान उघडावे, नाव व पासवर्ड बहुधा खालच्या चिकटपट्टीवर असतो. ‘स्टेटस’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये वॅनचे आलेले व गेलेले बाइट दिसतात. काही स्वस्त राउटर फक्त पॅकेटांची संख्या देतात, तिचा हिशेबाला उपयोग नाही, कारण पॅकेट ६० बाइटांचे असू शकते तसे १,५०० चेही. वीज गेली की हे आकडे शून्य होतात, म्हणजे आपल्याकडच्या गावांत आठवड्यातून कितीदा ते सांगायला नको. आणि जुन्या राउटरांत तोच ३२ बिटांचा गणक असतो. ज्यांना हौस आहे त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घ्यावा. त्यावर ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’ बसवला की प्रत्येक यंत्राचा वेगळा हिशेब मिळतो. तिथे ‘हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग’ चालू असेल तर ते बंद करावे. ते चालू असताना पुष्कळशी पॅकेट प्रोसेसरला न विचारता परस्पर जातात आणि मोजणीत येतच नाहीत. राउटरच्या यादीत एकच लॅपटॉप तीन नावांनी दिसला तरी शेजाऱ्यावर लगेच संशय घेऊ नये. ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू असलेला संगणक किंवा फोन वेगवेगळे पत्ते वापरतो.

संगणकाचा आकडा राउटरपेक्षा जास्त आला तर? हेही होते. संगणकाची मोजणी जोडणीवरून गेलेला प्रत्येक बाइट धरते, मग तो इंटरनेटला गेला असो की शेजारच्या खोलीतल्या डिस्कवर. ५० जीबींचे फोटो घरच्या डिस्कवर चढवले, तर विंडोज ५० जीबी दाखवेल आणि कंपनी शून्य. दोघेही बरोबर. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, कुलूपबंद जोडणी) वापरणाऱ्यांनी आभासी जोडणीचा आणि खऱ्या जोडणीचा आकडा एकमेकांत मिळवू नये. तो एकच डेटा दोनदा मोजला जातो. डॉकर, व्हर्च्युअलबॉक्स अशा, संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या आभासी जोडण्यांचेही तेच. बेरीज करायची तर फक्त खऱ्या वाय-फायची आणि खऱ्या इथरनेटची.

उलट बाजूने, फाइल १०० एमबींची आणि मीटर १०४ दाखवतो, यात चोरी नाही. डेटा १,५०० बाइटांच्या पाकिटांतून जातो, त्यातले ४० बाइट पत्त्यांचे आणि हिशेबाचे, वर इथरनेटचे आणखी १४. म्हणजे १,४६० बाइटांच्या मालाला १,५१४ बाइटांची वाहतूक, सुमारे ३.७ टक्के जास्त. शिवाय दर दोन पाकिटांमागे एक पोच उलट्या दिशेने जाते, ती अपलोडमध्ये दीड-दोन टक्के भरते. मोबाइलचा सिग्नल अशक्त असेल तर हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवावी लागतात, ती वेगळीच.

तुमचा मीटर बरोबर आहे का, हे तपासायला एक प्रयोग पुरतो. घरातली बाकी सगळी यंत्रे वाय-फायवरून काढावीत. संगणकावर ब्राउझर सोडून सगळे बंद करावे आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये दोन मिनिटे शांतता आहे ना ते बघावे. मीटरचा आकडा कागदावर लिहावा, कंपनीच्या ॲपवरचाही. मग ज्याचा आकार बाइटमध्ये माहीत आहे अशी १०० एमबींची फाइल उतरवावी (फायबरवर १ जीबीची चालेल) आणि पुन्हा आकडे लिहावेत. नव्या आकड्यातून जुना वजा करून फाइलच्या आकाराने भागावे. उत्तर १.०३ ते १.०६ च्या दरम्यान आले तर मीटर नीट आहे. ०.९६ ते १.०१ च्या घरात आले तर मीटर १०२४ च्या पटीत दाखवतो आहे. ८ च्या आसपास आले तर तुम्ही बिट वाचत आहात. १.३ किंवा त्याहून अधिक आले तर पाठीमागे काहीतरी चालू होते, प्रयोग पुन्हा करावा. फाइल आधी उतरवलेली असेल तर ब्राउझर साठ्यातून देऊ शकतो आणि उत्तर शून्याजवळ येते, म्हणून दर वेळी खाजगी खिडकी वापरावी.

कंपनीचा आकडा लगेच हलला नाही तरी घाईने निष्कर्ष काढू नये. ब्रॉडबँड कंपन्यांच्या सर्व्हरकडे तुमच्या जोडणीचा हिशेब ठरावीक अंतराने किंवा सत्र तुटल्यावर पोहोचतो. कालचा वापर आजच्या तारखेला पडणे हे त्यातूनच येते. ग्राहकसेवेने पाठवलेल्या तक्त्यात ‘इनपुट’ व ‘आउटपुट’ असे रकाने असतील, तर ते बहुधा कंपनीच्या बाजूने लिहिलेले असतात: ‘इनपुट’ म्हणजे तुमच्याकडून त्यांच्याकडे आलेले, म्हणजे तुमचे अपलोड. हे उलटे वाचून ‘मी एवढे अपलोड केलेच नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

इतके करूनही संपूर्ण बिल-चक्रात राउटरच्या वॅनचा आणि कंपनीचा आकडा, एकक सारखे करून, दहा टक्क्यांहून जास्त फरकाचा आला, तर तक्रार जरूर करावी. रोज एका ठरलेल्या वेळी राउटरच्या पानाचा फोटो काढून ठेवावा. तोच पुरावा. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्यावा आणि दिवसनिहाय, शक्य तर सत्रनिहाय वापराचा तक्ता लेखी मागावा. उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येते. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार मर्यादा किती, मर्यादेपर्यंत वेग किती आणि नंतर किती, या तिन्ही गोष्टी कंपनीने उघड सांगायच्या आहेत. मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर इशाराही पाठवायचा आहे. तो इशारा कोणत्या जुन्या मोबाइल क्रमांकावर किंवा ईमेलवर जातो आहे, हे तपासायला लोक विसरतात.

शेवटी मागणी दोन ठिकाणी. कंपन्यांनी आपल्या ॲपवर वापराचा आकडा दाखवताना १ जीबी म्हणजे किती बाइट, हे त्याच पानावर छापावे, आणि अपलोड व डाऊनलोड वेगळे दाखवावे. आणि आपल्या दैनिकात ब्रॉडबँड योजनांची तुलना छापली जाते तेव्हा वेग आणि भाड्याच्या शेजारी मर्यादेचा आणि मर्यादेनंतरच्या वेगाचा रकाना असावा. जागा कमी पडत असेल तर ओटीटीच्या चिन्हांची रांग काढली तरी चालेल.

आपला,
संगणक व नेटवर्क जोडणीचे काम करणारा एक वाचक, सातारा